ओझं कुणाच्या पाठीवर? ऊन, सायकल आणि कॅरिअरचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर संयोजकांपैकी एकांनी मला हसत विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस सायकलच्या कॅरिअरवर तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की माणूस घराबाहेर पडताना सोबत काय घेतो आणि ते कशावर ठेवतो, यात त्याच्या समाजाबद्दल बरंच काही सांगून जातो. आणि आपण उष्ण देशातली माणसं आहोत. त्यामुळे "कशावर ठेवतो" हा प्रश्न आपल्याकडे थंड देशांपेक्षा जास्त बोचरा होतो.

आज मला मांडायचं आहे ते एका वाक्यात आधीच सांगून टाकतो. सायकलने माणसाच्या अंगावरचं ओझं उतरवून चाकांवर ठेवलं. आपण गेल्या तीसेक वर्षांत ते परत उचलून पाठीवर घेतलं. आणि ऐन उन्हाळ्यात त्याची किंमत आपलं शरीर मोजतं आहे. हे कसं घडलं, ते क्रमाने पाहू.

आधी सायकलच्या पूर्वीचं बघू. आपल्या भाषेत ओझ्याचे शब्द शरीराला चिकटलेले आहेत. 'माथाडी' हा शब्द माथ्यावरून आला. डोक्यावर चुंबळ, खांद्यावर कावड, पाठीवर पोतं. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर बावीस वर्षांनीसुद्धा डोक्यावरून आणि पाठीवरून माल वाहणाऱ्यांची संख्या इतकी होती, की त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

पण त्याच समाजाला दुसरी एक युक्तीही फार पूर्वीपासून माहीत होती. लमाणांच्या बैलांच्या पाठीवर गोण असे. तिचे दोन भाग दोन्ही बाजूंना सारखे लोंबत, आणि बैलाचा कणा मध्ये मोकळा राही. घोड्यावर खुर्जी असे, तीही दोन्ही बाजूंना. वाटसरूच्या खांद्यावरची पडशी म्हणजे दोन तोंडांची पिशवी, एक कप्पा पुढे आणि एक मागे. कावडीचंही तत्त्व तेच. दोन बाजूंना समान वजन, शक्य तितकं खाली. आज परदेशी सायकलींच्या दुकानात 'पॅनियर' नावाची जी महागडी साइड बॅग मिळते, ती तत्त्वाने आपली गोणच आहे. तो शब्दही मुळात ओझ्याच्या जनावरावरच्या टोपल्यांचाच.

आमच्या वैशेषिक दर्शनात गुणांची यादी आहे. त्यात 'गुरुत्व' हा एक गुण मानलेला आहे. वस्तू खाली पडते ती तिच्या गुरुत्वामुळे. म्हणजे वजन हा वस्तूचा गुण. तुम्ही ती कुठेही ठेवा, तो जात नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे एक गैरसमज दूर करायला ते उपयोगी पडेल. पाच किलोचा डबा आणि पुस्तकं पाठीवर घ्या नाहीतर कॅरिअरवर ठेवा, चढावर पायांना पाच किलोच ओढायचे आहेत. वजन वाचत नाही. बदलतो तो वजनाचा मार्ग. पाठीवरचं ओझं खांदे, मणका, कंबर असं उतरत सीटवर येतं. कॅरिअरवरचं ओझं थेट चौकटीतून चाकात आणि चाकातून रस्त्यात जातं.

आता सायकलकडे येऊ. सुरुवातीची मोठ्या चाकाची सायकल तुम्ही चित्रात पाहिली असेल. पुढे माणसाच्या छातीएवढं चाक, मागे लहानसं. तिच्यावर सामान ठेवायला जागाच नव्हती. थॉमस स्टीव्हन्स नावाचे गृहस्थ १८८४ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून असल्या सायकलवर निघाले आणि १८८६ च्या डिसेंबरात जपानमध्ये त्यांनी जगाची फेरी संपवली. त्या वाटेत ते आपल्याकडेही आले आणि १८८६ मध्ये ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंत गेले. त्यांचं सामान किती? हँडलला बांधलेल्या पिशवीत मोजे, एक जादा शर्ट, अंथरूण आणि तंबू म्हणूनही चालेल असा एक रेनकोट, आणि एक पिस्तूल. एवढंच! साधूची झोळीसुद्धा यापेक्षा जड असते. ही निवड वैराग्यातून आली नव्हती, यंत्राने ती लादली होती.

१८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल आणली. दोन जवळजवळ सारखी चाकं, मागच्या चाकाला साखळी. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. इतिहासाच्या पुस्तकांत या बदलाचं वर्णन 'सुरक्षित सायकल' म्हणून येतं. मी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. मागचं चाक मोठं झालं, स्वार खाली आला, आणि त्याच्या पाठीमागे चाकाच्या वर एक रिकामी जागा तयार झाली. त्या रिकाम्या जागेत जगभरचा कामकरी माणूस आपला संसार बांधणार होता.

आपल्याकडे सायकली आधी इंग्लंडहून आल्या. पुढे मुंबईत हिंद सायकल्स, मद्रासला १९४९ मध्ये टी. आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, आसनसोलला सेन-रॅले, लुधियान्याला १९५६ मध्ये हिरो असे देशी कारखाने उभे राहिले. या सगळ्यांची मुख्य सायकल एकाच घराण्यातली: काळी, उंच, दांड्याची, वीस किलोच्या आसपास वजनाची. तिच्यावर काय काय असे ते आठवा. मडगार्ड, चेनकव्हर, दोन पायांचं स्टँड, आणि मागे स्प्रिंगच्या क्लिपचं कॅरिअर. शर्यतीच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट निरुपयोगी आहे. कामावर जाणाऱ्याच्या दृष्टीने यातली एकही वगळता येत नाही. मडगार्ड नसेल तर पावसात पाठीवर चिखल, चेनकव्हर नसेल तर पायजम्याला काळं, स्टँड नसेल तर सामान बांधताना सायकल धरणार कोण?

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते काही उगीच नाही. सकाळच्या पाळीला खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे आणि पुढे पिंपरीकडे जाणारे कामगार, कॉलेजची मुलंमुली, कारकून, भिक्षुकी करणारे गुरुजी, सगळे सायकलवर. माझ्या पिढीला नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला आठवत असेल, तासावर मिळणारी भाड्याची सायकल आठवत असेल, डबलसीट पकडणारा हवालदार तर नक्कीच आठवत असेल.

या लोकांनी सामान लावण्याचं एक अलिखित व्याकरण तयार केलं होतं. तीन ताळी डबा हँडलच्या डाव्या बाजूला, कारण उजव्या हाताने पुढचा ब्रेक पटकन दाबायचा असे. भाजीच्या कापडी पिशव्या दोन, दोन्ही बाजूंना सारख्या भरलेल्या, आणि बंद आखूड, म्हणजे पिशवी चाकाच्या तारांत जाणार नाही. वह्या, फाइल, वर्तमानपत्र कॅरिअरच्या क्लिपमध्ये. क्लिपमध्ये न मावणारं काही असेल तर जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्टीने बांधलेलं. ती पट्टी कायम कॅरिअरला गुंडाळलेली असे. तिला पैसे पडत नसत आणि ती कधी तुटतही नसे. पोर असेल तर दांड्यावर. दूधवाल्याने कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे लावून कॅन अडकवले, म्हणजे पुन्हा बैलाची गोण आलीच. मुंबईच्या डबेवाल्यांनी हेच तत्त्व टोकाला नेलं. त्यांच्या व्यवस्थेची सुरुवात १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांच्यापासून सांगतात. गाडीतून नेताना डब्यांची लांब लाकडी पाटी डोक्यावर, आणि स्टेशनबाहेर सायकल मिळाली की तेच डबे हँडलला आणि कॅरिअरला झुपक्याने लटकवलेले. एकाच माणसाच्या एकाच दिवसात माथा ते चाक हा सगळा इतिहास घडतो.

आणि या सगळ्या चित्रात एक गोष्ट समान आहे. स्वाराची पाठ रिकामी आहे.

ती रिकामी का असावी, हे समजण्यासाठी मी तुम्हाला एका जुन्या वस्तूची आठवण करून देतो. छागल. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. ट्रकला, जीपला, कधी सायकलच्या हँडललाही बांधलेली असे. कापड ओलं होतं, बाहेरून पाणी पाझरतं, वाऱ्याने वाळतं, आणि वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. बाहेर जितका कोरडा वारा, तितकं आतलं पाणी गार. आता ह्याच छागलीला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळा. काय होईल? पाणी पाझरेल, पण वाळणार नाही. तासाभराने आत कोमट पाणी आणि बाहेर नुसता चिकचिकाट.

मित्रहो, आपली पाठ म्हणजे छागल आहे. सायकल चालवताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिच्या पाव भागाएवढीच पायडलपर्यंत पोचते. उरलेल्या बहुतेक ऊर्जेची उष्णता होते आणि ती बाहेर टाकावी लागते. थंड देशात ती नुसत्या वाऱ्याने निघून जाते. आपल्याकडे हवेचं तापमान त्वचेच्या तापमानाच्या, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेलं की वारा उलट अंगाला तापवू लागतो. मग एकच दरवाजा उघडा राहतो: घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण अट 'वाळला तर' ही आहे. नुसता निथळलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. आणि शरीरात सगळ्यात जास्त घाम येणाऱ्या जागांपैकी एक जागा म्हणजे पाठ, तिचा मधला आणि खालचा भाग. नेमका तोच भाग आपण नायलॉनच्या सॅकने झाकतो.

यात प्रदेशाप्रमाणे फरक पडतो. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास जातो, पण हवा कोरडी असते. उघड्या पाठीवरचा घाम चटकन वाळतो, इतका की आपण किती पाणी गमावलं हे कळतही नाही. मुंबई-कोकणात पारा कमी, पण हवेत आधीच ओल. तिथे घाम वाळायला वाऱ्याची फार गरज. पंधराच्या वेगाने सायकल चालवताना तो वारा फुकट मिळतो. दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघतो, पाठ मोकळी हवी.

आता कोणी म्हणेल, सर, तुम्ही सायकलला फार मोठेपणा देता आहात. तर दुसरी बाजूही बघू. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईसाठी व्हिएतनामी हमालांनी सायकलींवर दोन-दोनशे किलो सामान लादून डोंगरातून नेलं. हँडलला बांबू बांधायचा आणि सायकलच्या बाजूने चालत ती ढकलायची. झारखंडच्या कोळसा पट्ट्यात आजही माणसं दोनशे किलो आणि त्याहून जास्त कोळसा सायकलवर लादून मैलोन्‌मैल ढकलत नेतात, भर उन्हात. इथे सायकलने ओझं उतरवलं नाही, वाढवलं. पाठीवर माणूस पन्नास-साठ किलो घेईल. चाक मिळालं की पोट त्याच्याकडून दोनशे किलो मागतं. म्हणून मी कॅरिअरला मुक्तिदाता वगैरे म्हणणार नाही. वस्तू शक्यता देते; ती कुणाच्या बाजूने वापरली जाईल, हे समाज ठरवतो.

मग आपलं कॅरिअर गेलं कुठे? १९७२ साली पुण्यातच लूना आली, त्याच सुमारास बजाजची चेतक आली. ज्याला परवडलं तो स्कूटरवर गेला, आणि सायकल हळूहळू 'ज्याला परवडत नाही त्याचं वाहन' झाली. कॅरिअरला लटकणारा डबा ही गरिबीची खूण झाली. नव्वदच्या दशकानंतर सायकल मध्यमवर्गाकडे परत आली, ती मात्र व्यायामाचं साधन म्हणून. गिअरची, जाड किंवा अगदी बारीक टायरची, आणि बहुतेक वेळा कॅरिअर, मडगार्ड, स्टँड यांतलं काहीही नसलेली. ही डोंगरात किंवा शर्यतीत चालवायची सायकल. तिचा आराखडा करणाऱ्यासमोर जेवणाचा डबा नव्हताच. त्याच काळात खांद्यावरची शबनम आणि हातातली ब्रीफकेस जाऊन दोन पट्ट्यांची सॅक आली, मग लॅपटॉप आला. दोन्ही प्रवाह एकमेकांना मिळाले. सायकलवर जागा नाही आणि पाठीवर पिशवी तयार आहे. कुणी निर्णय घेतला नाही, पण निर्णय झाला.

हायडेगर यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण दिलं आहे. हातोडा नीट चालतो तोवर आपण त्याच्याकडे बघत नाही, आपलं लक्ष खिळ्यावर असतं. तो मोडला की मग तो 'वस्तू' म्हणून डोळ्यांपुढे येतो. कॅरिअरचं तसंच झालं. होतं तेव्हा कोणी त्याच्यावर चार ओळी लिहिल्या नाहीत. नाही म्हणून आज व्याख्यान होतं आहे. आणि गंमत अशी, की ते गेलं तरी आपल्याला त्याची अनुपस्थिती दिसत नाही. आपण म्हणतो, "उन्हाळ्यात सायकलने ऑफिसला जाणं शक्यच नाही, घामाघूम होतो." घाम येणारच. पण शर्टाच्या पाठीवर तो जो चौकोनी ओला नकाशा उमटतो, तो सूर्याने काढलेला नसतो, सॅकने काढलेला असतो.

हा केवळ ऑफिसला जाणाऱ्यांच्या शर्टाचा प्रश्न असता, तर मी इथेच थांबलो असतो. पण २००६ साली बिहारने नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, आणि मुलींची शाळेतली नोंदणी लक्षणीय वाढल्याचं अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून दिसलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. ही फार मोठी गोष्ट आहे. आता त्या मुलीच्या पाठीकडे बघा. १९९३ मध्ये यशपाल समितीने दप्तराच्या ओझ्याकडे देशाचं लक्ष वेधलं. २०२० च्या केंद्राच्या धोरणाने सांगितलं, की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं. चाळीस किलोच्या मुलीला चार किलो. ठीक आहे. पण डिसेंबरातले चार किलो आणि एप्रिलमध्ये बेचाळीस अंशांतले पाठीला चिकटलेले चार किलो एकच आहेत का? तराजू म्हणेल, एकच. छागल म्हणेल, नाही. मुलीला सायकल देताना मागे दप्तर मावेल असं मजबूत कॅरिअर आणि बांधायला एक पट्टी आहे ना, एवढं बघितलं, तर त्या पट्टीचा खर्च सायकलच्या किमतीपुढे काहीच नाही. धोरणात मात्र अशा पट्टीला रकाना नसतो.

आता थोडं व्यवहाराचं. इतिहासातून हाती काही लागायला हवं ना! नव्या सायकलला कॅरिअर बसतं का हे घेतानाच विचारा. मागच्या चाकाच्या आसाजवळ त्यासाठी छिद्रं असतात. ओझं दोन्ही बाजूंना सारखं आणि शक्य तितकं खाली ठेवा. साइड बॅग थोडी मागे सरकवा, नाहीतर पायडल मारताना टाच लागते. पुढच्या बास्केटमध्ये हलकंच ठेवा. पुढे जड झालं की हँडल स्वतःच्या मताने वळू लागतं. लॅपटॉप आधी फोमच्या वेष्टणात आणि मग बॅगेत, कारण आपले खड्डे थेट कॅरिअरपर्यंत पोचतात. लोंबणारे बंद, ओढणीचं टोक, पिशवीचं नाडं तारांपासून दूर. जादा सुती शर्ट घडी करून वर ठेवा, आणि पोचल्यावर पाच मिनिटं सावलीत थांबून मगच तो घाला. लगेच घातला तर तोही भिजतो. पाण्याची बाटली हाताशी हवी, बॅगेच्या तळाशी नको.

(यानंतर श्रोत्यांमधून प्रश्न आला: "सर, सॅक पाठीवर असते तर कुठेही उतरून चालू लागता येतं. सायकलवरचं सामान चोरीला जाईल, त्याचं काय?")

प्रश्न अगदी खरा आहे, आणि सॅक जिंकली त्याचं हे मोठं कारण आहे. पाठीवरचं ओझं आपल्या नजरेआड असतं, पण ताब्यात असतं. यावर उपाय जुन्या लोकांनी केला होता. मौल्यवान वस्तू हातात घेता येईल अशा लहान पिशवीत ठेवायची, आणि ती पिशवी सायकल चालवताना कॅरिअरला लावायची. सॅकच ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, उतरल्यावर पाठीवर घ्या. चालवताना मात्र ती कॅरिअरवर पट्टीने बांधा. सोडायला दहा सेकंद लागतात.

पण तुमच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडला आहे. सायकलवर ठेवलेली पिशवी सुरक्षित राहील असा रस्ता, अशी उभी करायची जागा, असं कार्यालयाचं आवार आपण का केलं नाही? चारचाकीच्या डिकीला आपण जागा दिली, कुलूप दिलं, पहारेकरी दिला. सायकलवाल्याला मात्र सांगितलं, तुझं तू सांभाळ. म्हणून तो सगळं पाठीवर घेऊन फिरतो. ते ओझं फक्त लॅपटॉपचं नाही.